इंडोनेशियातल्या इस्लामवर रिसर्च करायचाय? आधी ती गणपतीची नोट विसरा

तुम्हालाही आला असेलच तो फॉरवर्ड. इंडोनेशियाच्या २०,००० रुपियाच्या नोटेवर गणपती, जगातली सगळ्यात जास्त मुस्लिम लोकसंख्या असलेला देश आणि नोटेवर बाप्पा, बघा त्यांनी आपली संस्कृती कशी जपलीये वगैरे वगैरे. नोट खरी आहे बरं का. १९९८ साली आलेली, की हाजर देवांतारा या शिक्षणतज्ज्ञाचा चेहरा आणि शेजारी छोटासा गणपती. फक्त ती २००८ च्या शेवटी चलनातून गेली सुद्धा, आपल्याकडे मात्र अजून फिरतीये. मी पीएचडीच्या फील्डवर्कला जोग्जाला (म्हणजे जावातलं योग्यकर्ता, पण तिथं कुणी पूर्ण नाव घेत नाही) जाणार म्हटल्यावर आमच्या फॅमिली ग्रुपवर एका दिवसात तीन काकांनी ती पाठवली.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आपण भारतातून जाणारे लोक ती नोट डोक्यात घेऊनच तिकडे उतरतो. वायांग म्हणजे बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ दिसला की महाभारत, कबरीवर फुलं दिसली की 'आतून हिंदूच आहेत हो हे', एखाद्याचं नाव विष्णू निघालं की झालंच. आणि युरोप-अमेरिकेतून येणारे वेगळी पट्टी घेऊन येतात, मॉडरेट किती आणि रॅडिकल किती. दोन्ही पट्ट्या लावून पेपर लिहिता येतो, छापूनही येतो, पण तिथल्या माणसाला तो वाचून दाखवला तर तो हसून चहा पुढे करतो. मला विचाराल तर सगळ्यात कामाची युक्ती ही, की तिथले मुसलमान आपसात कशावरून वाद घालतात ते शोधा आणि त्या वादामागे जा.

म्हणजे कसं, एक उदाहरण घेऊ. मार्च २०२१, कोविडची ॲस्ट्राझेनेका लस इंडोनेशियात आली. एमयूआय ही तिथली उलमांची (धर्मपंडितांची) कौन्सिल, १९७५ पासूनची, तिनं फतवा दिला की लस बनवताना डुकरापासूनचं ट्रिप्सिन वापरलंय म्हणून ती हराम, पण आणीबाणी आहे म्हणून घ्यायला परवानगी. आणि काही दिवसातच त्याच कौन्सिलच्या पूर्व जावा शाखेनं सांगितलं की लस हलाल आहे, कारण मूळ पदार्थ प्रक्रियेत बदलून गेला की तो तो राहात नाही. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, याला इस्तिहाला म्हणतात. आता यात मॉडरेट कोण आणि रॅडिकल कोण सांगा बरं? पट्टी लागतच नाही. पण प्रश्न बघा किती निघतात: पूर्व जावात वेगळं का, तिथं कुठल्या पसांत्रेनांचं (निवासी मदरशांचं) वजन आहे, सामान्य बाई आरोग्य केंद्रात रांगेत उभी असताना यातलं काय तिच्यापर्यंत पोचतं, २०१८ च्या गोवर-रुबेला लशीच्या वेळीही असाच 'हराम पण चालेल' फतवा आला होता तेव्हा लोकांनी काय केलं होतं. झाला की रिसर्च प्रश्न.

असे विषय शोधायला फार लांब जावं लागत नाही. २०२३ ची ईद घ्या, मुहम्मदिया संघटनेनं २१ एप्रिलला केली आणि सरकारनं व नहदतुल उलमा (एनयू) या दुसऱ्या मोठ्या संघटनेनं २२ ला, कारण एकजण गणितानं महिना ठरवतो आणि दुसरा चंद्र बघून. एकाच गल्लीत एका घरात शेवया म्हणा हवं तर, त्यांचा तो कतुपात (नारळाच्या पातीत शिजवलेला भात) तयार आणि शेजारी अजून रोजा. किंवा जिलबाब म्हणजे डोक्यावरचा स्कार्फ. १९८२ ला सरकारी शाळेत त्याच्यावर बंदी, १९९१ ला बंदी उठली, आणि २०२१ मध्ये भांडण नेमकं उलटं, पदांगच्या एका सरकारी शाळेत ख्रिश्चन मुलीला तो घालायला लावला म्हणून तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला की शाळेनं सक्ती करायची नाही, आणि काही महिन्यात सुप्रीम कोर्टानं तो आदेशच रद्द केला. चाळीस वर्षांत एका कापडाच्या तुकड्याचा प्रवास, यावर एमए काय पीएचडीसुद्धा होईल.

आता 'आग्नेय आशिया' असं सगळं एका थिसिसमध्ये घ्यायचा मोह सोडून द्या. मलेशियात संविधानानंच मलय माणसाची व्याख्या 'इस्लाम पाळणारा' अशी केलीये आणि ज्या राज्यांना सुलतान आहे तिथं तोच धर्माचा प्रमुख. सिंगापूरमध्ये मुईस ही सरकारी संस्था शुक्रवारच्या खुतब्याचा (प्रवचनाचा) मजकूर पुरवते. थायलंडच्या दक्षिणेला पत्तानी-याला-नराथीवातमध्ये २००४ पासून हिंसाचार चाललाय, फिलिपिन्समध्ये २०१९ पासून बांगसामोरोचं स्वायत्त सरकार आहे, कंबोडियात चाम लोक आहेत. प्रत्येक ठिकाणी राज्यसंस्था वेगळी, त्यामुळे 'इस्लाम' या शब्दामागे कामाला लागलेली यंत्रणा पण वेगळी. दोन देशांची तुलना करायची तर फार बारीक गोष्ट धरा, हलालचं सर्टिफिकेट कोण देतं अशी. नाहीतर एकच देश, एकच जिल्हा. मी पुढे जे सांगतेय ते जावाबद्दल, कारण मला तेच माहितीये.

वाचायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यात क्लिफर्ड गीर्ट्झ हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ भेटणारच. त्यानं १९५० च्या दशकात पूर्व जावातल्या पारे गावात काम करून जावातले लोक तीन खणात टाकले: अबांगान म्हणजे नावापुरते मुसलमान, सांत्री म्हणजे नेमानं पाळणारे, आणि प्रियायी म्हणजे उमराव-कारकून वर्ग. पुस्तक १९६० चं. वाचा जरूर, लिहितो फार सुंदर, पण त्याच्यावर टीकाही तितकीच जुनी आहे. प्रियायी हा वर्ग आहे, तो धर्माचा प्रकार कसा होईल? आणि जे जे पुस्तकी इस्लामात बसत नाही ते ते 'हिंदू-बौद्ध अवशेष' म्हणून बाजूला काढलं, त्यावर मार्क वुडवर्डसारख्यांनी पुढे दाखवलं की त्यातलं बरंचसं सूफी परंपरेतलंच आहे. गणपतीच्या नोटेची ही इंग्लिश आवृत्ती समजा. त्याच्या जोडीला तलाल असदचा १९८६ चा निबंध वाचा, इस्लामला एक चालू वादपरंपरा म्हणून बघायचं तो सांगतो, आणि अझ्युमार्दी अझ्राचं १७व्या-१८व्या शतकातल्या उलमांच्या जाळ्यावरचं काम. एवढं वाचून झालं की थिअरी पुरे, भाषेला लागा.

भाषा. यावर मी जास्त बोलणार आहे, सॉरी.

बहासा इंडोनेशिया शिकल्याशिवाय जाऊ नका, इंग्लिशवर भागत नाही, आणि भागलं तर तुम्हाला फक्त इंग्लिश येणाऱ्यांचा इस्लाम दिसेल. आपल्याला ही भाषा सुरुवातीला फसवी सोपी वाटते कारण अर्धे शब्द ओळखीचे. पर्तामा म्हणजे प्रथम, मुका म्हणजे मुख, हर्गा म्हणजे किंमत (आपला अर्घ), बिआया म्हणजे खर्च (व्यय), चरिता म्हणजे गोष्ट. रोज्याला पुआसा म्हणतात, तो आपला उपवास. स्वर्ग सुर्गा, नरक नराका, पुण्याचं फळ पाहाला. आणि पाप म्हणजे दोसा. हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात मुली विचारत होत्या इंडियन जेवणात काय आवडतं, मी म्हटलं साया सुका डोसा, म्हणजे 'मला पाप आवडतं'. ती खोली पाच मिनिटं हसत होती. पुढचे सहा महिने माझी ओळख तीच.

गंमत सोडा, धोका वेगळा आहे. शब्द ओळखीचा म्हणून अर्थही ओळखीचा असं धरलं की संपलं. सुआमी म्हणजे नवरा, स्वामी नव्हे. सेंगसारा म्हणजे हालअपेष्टा, संसार नव्हे (यावर आई म्हणाली की मग बरोबरच आहे की). आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द अगामा. आपण म्हणतो आगम, धर्म. पण तिथं अगामा हा सरकारी शब्द आहे, सहाच धर्म त्यात बसतात: इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध, कन्फ्युशियन. आयडी कार्डावर तो कॉलम असतो. गावातल्या जुन्या श्रद्धा पाळणारे, त्यांना कपर्चायाआन म्हणतात, त्यांना तो कॉलम कित्येक वर्षं कोरा ठेवावा लागायचा किंवा भलतंच काहीतरी लिहावं लागायचं, २०१७ मध्ये घटनात्मक कोर्टाचा निकाल आला तेव्हा त्यांना जागा मिळाली. त्यामुळे मुलाखतीत कुणी म्हणालं 'ते अगामा नाहीये' तर तो धर्माबद्दल बोलतोय का कायद्याबद्दल का शेजाऱ्याबद्दल, हे विचारून घ्या.

शिकायला जायचं तर दार्मासिस्वा नावाची इंडोनेशियन सरकारची स्कॉलरशिप आहे, परदेशी विद्यार्थ्यांना भाषा-कला शिकायला. मास्टर्स करायचं असेल तर केएनबी ही दुसरी स्कॉलरशिप. मग जावात काम असेल तर जावानीजही लागते, आणि तिथं माणूस बघून भाषा बदलते: मित्राशी न्गोको, मोठ्यांशी क्रामा. मला क्रामा कधीच नीट जमली नाही. पण एक शब्द पहिल्या दिवशीच शिका, 'इंग्गिह', बोलताना नुसतं 'ङ्गिह'. डिक्शनरीत अर्थ 'हो'. प्रत्यक्षात अर्थ 'तुम्ही बोललात ते मला ऐकू आलं'. माझ्या पहिल्या दहा मुलाखतींच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये मी जिथं जिथं 'सहमत' असं कोडिंग केलं होतं ते सगळं नंतर पुसावं लागलं.

आता शोधाशोध. इथं बऱ्याच जणांची वर्षं जातात म्हणून सांगते. १९७२ मध्ये इंडोनेशियानं स्पेलिंग बदललं. त्याआधी 'च' लिहायला टी आणि जे, 'ज' ला डी आणि जे, 'य' ला नुसता जे, आणि त्याच्याही आधी 'उ' ला ओ आणि ई. त्यामुळे एनयूचे संस्थापक हाशिम अशअरी यांचं नाव नव्या स्पेलिंगनं टाकलं तर जुनी मासिकं सापडणारच नाहीत. अरबी शब्दांचं तर विचारूच नका, नहदतुलच्या 'द' ला कुणी डी-एल लिहितो, कुणी डी-एच, कुणी नुसता डी. एक वही करा, प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाची सगळी स्पेलिंगं एका पानावर, आणि प्रत्येक डेटाबेसमध्ये सगळी टाकून बघा. तसंच प्रदेशाप्रमाणे शब्दच बदलतो, जावात पसांत्रेन, आचेमध्ये दायाह, पश्चिम सुमात्रात सुराऊ, मलेशिया आणि पत्तानीत पोंडोक. आणि नावं! खूप जणांना आडनावच नसतं, एकच नाव, त्यामुळे आपल्या सवयीनं शेवटचा शब्द आडनाव धरून संदर्भसूची केली तर लेखक हरवतात.

फुकटात काय मिळतं? भरपूर. जकार्ताच्या यूआयएन या सरकारी इस्लामी विद्यापीठाचं 'स्तुदिया इस्लामिका' आणि जोग्जाच्या यूआयएनचं 'अल-जामिआ' ही दोन्ही जर्नल्स ओपन आहेत. इंडोनेशियन जर्नल्स शोधायला एक सरकारी पोर्टल आहे, नाव गरुडा (हो हो, काकांना सांगू नका). सुप्रीम कोर्टाचे निकाल ऑनलाईन आहेत, मुसलमानांच्या धार्मिक कोर्टातले घटस्फोट-वारसा सगळं. मुहम्मदियाचं 'सुआरा मुहम्मदिया' नियतकालिक १९१५ पासूनचं. पण माझा सगळ्यात लाडका सोर्स म्हणजे स्क्रिप्सी, म्हणजे तिथल्या बीएच्या मुलांचे प्रबंध. विद्यापीठांच्या वेबसाईटवर पडलेले असतात, कुणी वाचत नाही. लिखाण कच्चं असतं, पहिली वीस पानं पद्धतीवर कॉपीपेस्ट, पण तिसऱ्या प्रकरणात पोरानं स्वतःच्या गावच्या मशिदीची कमिटी, कुणाचं कुणाशी पटत नाही, वीजबिल कोण भरतं, सगळं लिहिलेलं असतं. हे सोनं आहे. साईट करा त्यांना, नावानिशी, फुकटात वापरू नका.

फतव्यांचे संग्रह पण असेच. एनयूमध्ये बहसुल मसाईल नावाची बैठक असते, गावोगावच्या पसांत्रेनांमधून प्रश्न येतात आणि कियाई लोक (पसांत्रेन चालवणारे धर्मगुरू) किताबं मांडून खल करतात. आपण उत्तर वाचतो, हलाल की हराम. उत्तर नंतर वाचा, आधी प्रश्न वाचा. प्रश्नात गाव असतं. कुणीतरी विचारलेलं असतं की ऑनलाईन गेममधली नाणी विकली तर चालतं का, म्हणजे त्या गावात पोरं ते करतायत.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. परदेशी संशोधकाला ब्रिन म्हणजे तिथल्या राष्ट्रीय रिसर्च एजन्सीकडून परवानगी लागते, एथिक्स क्लिअरन्स लागतं, तिथली एखादी संस्था पार्टनर म्हणून लागते, मग रिसर्च व्हिसा. २०१९ च्या ११ नंबरच्या कायद्यात विनापरवाना काम करणाऱ्या परदेशी माणसाला शिक्षेची तरतूद आहे. 'टुरिस्ट व्हिसावर जाऊन गप्पा मारून येते' असं करणारे आहेत, तुमच्यावर कारवाई होईल ती होईलच, पण तुम्हाला घरात ठेवून घेणाऱ्या माणसाला पोलीस चौकशीला बोलावतील. काही महिने हातात ठेवा, नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करायच्या आधी ताजे बघून घ्या. माझ्या एका पत्रावर एका ऑफिसनं माझं लिंग पुरुष टाकलं होतं, ते दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले, त्या पाच आठवड्यात मी जावानीज शिकले, असो. आणि गावात पोचल्यावर आधी आरटीच्या प्रमुखाकडे, म्हणजे गल्लीच्या पुढाऱ्याकडे, जाऊन नाव सांगायचं. गल्लीच्या तोंडाशी पाटीच असते, पाहुण्यांनी २४ तासात कळवावे.

आता प्रत्यक्ष पसांत्रेन. आपल्याकडच्या वाचकाला निवासी मदरसा म्हटलं की चटकन कळतं, पण तेवढंच नसतं ते, शेती, दुकान, दवाखाना, राजकारण सगळं त्याच्याभोवती. जोंबांगचं तबुइरेंग १८९९ चं, पोनोरोगोचं गोंतोर १९२६ चं, आणि दोघांची तऱ्हा पूर्ण वेगळी, तबुइरेंग एनयूचं मूळ घर आणि गोंतोरमध्ये अरबी-इंग्लिश बोलायची शिस्त. कुठल्याही मोठ्या नावाच्या मागे न लागता लहान जागा निवडा, मोठ्या पसांत्रेनला रोज पाहुणे येतात, तुम्हाला माहितीपत्रक देऊन वाटेला लावतील.

पहिली भेट म्हणजे सोवान. कियाईंना भेटायला जायचं, हातात काहीतरी घेऊन, फळं-साखर काहीही, कामाचं लगेच काढायचं नाही. वेळ घड्याळाची मिळत नाही, 'बादा इशा' सांगतात, इशाच्या नमाजनंतर. मी हिशोब केला की इशा साधारण सातला, सव्वासातला दारात हजर. कियाईंचा वर्ग चालू, मग कुणीतरी आजारी बाळ घेऊन आलं, मग जमिनीचं भांडण घेऊन दोन भाऊ आले, माझा नंबर लागला साडेदहाला. चिडचिड झाली खरी. पण ते तीन तास ओसरीवर बसून जे बघितलं त्यावर माझं दुसरं प्रकरण उभं आहे, आणि साडेदहाच्या मुलाखतीतलं एक वाक्यही मी थिसिसमध्ये वापरलेलं नाही.

बाई असण्याचा मला फायदाच झाला. पुरुष संशोधक कियाईंच्या बैठकीत बसतात आणि तिथंच राहतात, मला स्वयंपाकघरात, न्याईंकडे (कियाईंच्या बायको, पण बऱ्याच ठिकाणी मुलींचा विभाग त्याच चालवतात आणि स्वतः किताब शिकवतात) सरळ जाता आलं. २०१७ मध्ये चिरेबोनजवळच्या कबोन जांबू पसांत्रेनमध्ये बाई-उलमांची परिषद भरली, तिनं बालविवाहाविरुद्ध फतवा दिला, आणि दोन वर्षांनी मुलींचं लग्नाचं वय कायद्यानं १६ वरून १९ झालं. फतव्यामुळेच झालं असं म्हणत नाही मी, कोर्टाचा निकाल होता, इतर संघटना होत्या. पण या बायका तर्क कसा मांडतात ते शिकायचं तर भाजी निवडता निवडताच शिकावं लागतं. पुरुष मित्रांनो, तुमच्यासाठी टीप: बाईशी हस्तांदोलनाला हात पुढे करू नका, आणि सगळ्यांनीच देणंघेणं उजव्या हातानं.

वर्गात काय बघायचं? किताब कुनिंग, पिवळी पुस्तकं, पिवळट कागदावर छापलेली म्हणून. अरबी मजकूर, मधे मोकळ्या ओळी. कियाई वाचत जातात आणि मुलं प्रत्येक अरबी शब्दाखाली तिरक्या बारीक अक्षरात जावानीज अर्थ लटकवत जातात, लिपी अरबी भाषा जावानीज, तिला पेगोन म्हणतात. नुसता अर्थ नाही, व्याकरणही: कर्त्याच्या जागी असलेल्या शब्दाला 'उतावी' म्हणायचं, त्याच्याबद्दल जे सांगितलंय त्याला 'इकू'. ज्यानं पाठशाळेत संस्कृतचा अन्वय लावलाय त्याला हे बघून गंमत वाटेल. पेगोन वाचायला शिकणं म्हणजे मोडी शिकण्यासारखं, पहिले दोन महिने रडू येतं मग अचानक डोळा बसतो. शिकाच, कारण त्या तिरक्या ओळींत कियाईंनी तोंडी मारलेले शेरे पण पोरं लिहून ठेवतात.

रमजानमध्ये जायचं का? हो, पण कधी ते बघून. महिन्याच्या पहिल्या भागात बऱ्याच पसांत्रेनात एखादी अख्खी किताब झपाट्यानं वाचून संपवतात, बाहेरूनही मुलं येतात. नंतर ईदसाठी सगळे गावी, मुदिक म्हणतात त्याला, आणि तुम्ही रिकाम्या इमारतीत मांजराबरोबर.

आपल्याला तिथं प्रश्न काय विचारतात त्याची पण तयारी ठेवा. पहिला शाहरुख खान. दुसरा, बायकांकडून, २०१४ साली त्यांच्या टीव्हीवर गाजलेल्या महाभारत सिरीयलमधला अर्जुन. तिसरा, अगामा कुठला? मी हिंदू म्हटलं की 'अच्छा, बालीसारखं', आणि मग माझी अर्धा तास परीक्षा. खोटं सांगू नका आणि वादात पण पडू नका. भारतातल्या मुसलमानांबद्दल विचारतील, बातम्या तिकडेही पोचतात, तेव्हा कोरडं उत्तर देऊन सुटता येत नाही. मी माझ्या दापोलीकडच्या मैत्रिणीबद्दल सांगायचे. आपल्या कोकणी मुसलमानांचा मजहब (म्हणजे फिकहची शाखा) शाफिई आणि जावातल्यांचाही शाफिई, पुण्या-औरंगाबादकडे मात्र बहुतेक हनफी. माहीमचे मखदूम अली माहिमी शाफिईच. ती मैत्रीण सांगायची की गावच्या मशिदीत पहाटेच्या नमाजला कुनूतची दुआ असते आणि तिचे वडील पुण्यात आले की चुकल्यासारखं व्हायचं. हे सांगितलं की न्याई एकदम पुढे सरकून बसायच्या, कारण कुनूत हाच तिथं एनयू आणि मुहम्मदियामधला रोजचा फरक, एनयूवाले म्हणतात आणि मुहम्मदियावाले नाही. गुजरातचा संबंध पण आहे, रांदेरमध्ये जन्मलेला नूरुद्दीन रानिरी १६३७ मध्ये आचेच्या दरबारात मोठा विद्वान झाला. ही खरी नाती. नोटेपेक्षा बरीच कामाची.

तुलना करायचीच असेल तर अशी बारीक करा. वली सोंगो म्हणजे जावात इस्लाम आणणारे नऊ वली, त्यांच्या कबरींची बसटूर निघते, तीन-चार दिवसात नऊ ठिकाणं, बसमध्ये कॅराओके, प्रत्येक ठिकाणी टोप्या-खजूर-टीशर्टची दुकानं. अष्टविनायकाची बस केली असेल तर सगळं ओळखीचं, अगदी 'पंधरा मिनिटात परत या' ओरडणारा मॅनेजर पण. पुण्यतिथीला हाऊल म्हणतात, आपल्याकडे उरूस. कुदुसला जाल तर मशिदीचा विटांचा मनोरा देवळासारखा दिसतो आणि गावात गाय कापत नाहीत, सूपही म्हशीच्या मटणाचं, सुनान कुदुस या वलींनी हिंदूंचा मान राखायला सांगितलं म्हणून, असं गाव सांगतं. इथं आपली नोट परत खिशातून डोकावते. त्यावेळी गावातल्याच माणसाला विचारा की तुम्ही अजून का पाळता. मला एका खाटकानं उत्तर दिलं की वलींच्या शब्दाबाहेर कोण जाईल. त्याच्यासाठी तो हिंदू अवशेष नाही, त्याच्या वलींचा हुकूम आहे.

यूट्यूबवरची प्रवचनं पण फील्डच आहे. गुस बाहा या लोकप्रिय कियाईंच्या प्रवचनांच्या शेकडो क्लिप आहेत, पण ती तीस सेकंदाची क्लिप न घेता मूळ दोन तासांचं रेकॉर्डिंग बघा, अरबी-जावानीज-इंडोनेशियन मिश्रण आणि क्लिपमध्ये कापलेला विनोद त्यातच असतो. कमेंटमधल्या सामान्य लोकांची नावं थिसिसमध्ये छापू नका.

आणि धोका. धर्मनिंदेचा कायदा १९६५ पासून आहे. अहमदिया पंथाच्या लोकांवर बंधनं घालणारा २००८ चा सरकारी आदेश आहे, २०११ मध्ये चिकेउसिकला त्यांच्यातल्या तिघांना जमावानं मारलं, मदुरा बेटावर सांपांगच्या शिया लोकांना गाव सोडावं लागलं. अशा गटांवर काम करणार असाल तर नाव बदलणं पुरत नाही, चाळीस घरांच्या वस्तीत 'डाव्या पायानं लंगडणारे शिक्षक' एकच असतात. रेकॉर्डिंग फोनवर ठेवू नका, आणि एखादी गोष्ट लिहिल्यानं कुणाला त्रास होणार असेल तर ती लिहू नका, थिसिस तेवढ्यानं पडत नाही.

नोट्स त्याच रात्री लिहायच्या. दमलात तरी. कोण कुठं बसलं, काय खाल्लं, कोण गप्प राहिलं. तहलीलानला, म्हणजे मयताच्या घरी सातव्या, चाळिसाव्या दिवशी पठण असतं त्याला, गेलात तर निघताना हातात खोका देतात, भात, कोंबडी, बटाट्याचा तिखट रस्सा, कुरुपुक (पापडासारखं). त्याला म्हणतात बर्कत. मुहम्मदियावाला शेजारी पठणाला येत नाही पण खोका त्याच्या घरी पोचतो, किंवा येतो आणि मागे बसतो, किंवा खुर्च्या लावून देतो आणि पठण सुरू झालं की जातो. हे कुठल्याही सर्व्हेत येणार नाही.

निघताना पामित करायचं, निरोप घ्यायला परत कियाईंकडे. मी पुण्याहून आईनं पाठवलेली बाकरवडीची पाकिटं नेली. न्याईंचा धाकटा, नऊ वर्षांचा, त्यानं पाकीट उलटंपालटं केलं, तो जांभळा लोगो शोधत होता, २०२२ पासूनचा हलालचा, वायांगमधल्या डोंगरासारखा आकार असलेला. तो नव्हता. हिरवा ठिपका होता. मी सांगितलं की याचा अर्थ यात मांस नाही. तो म्हणाला, आणि दारू? न्याईंनी पाकीट घेतलं, चष्मा लावला, घटकांची यादी फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून वाचली, तिळापाशी थांबल्या, हसल्या, म्हणाल्या की आमच्या आजीच्या काळी बाईनं सांगितलं की पुरायचं, आता पाकिटाला विचारावं लागतं. पाकीट फोडलं, आधी स्वतः एक खाल्ली. मग कियाई आतून म्हणाले की तिखट आहे का. त्या रात्री बॅग भरायची सोडून मी वहीची पाच पानं लिहिली, आणि सकाळची बस चुकली.